माड: जाती एक, मग बाणवली, सिंगापुरी, टी बाय डी हे काय? (वनस्पतिशास्त्र आणि वर्गीकरण)

आगरवाट

बाणवली, प्रताप, सिंगापुरी, टी बाय डी (उंच आणि ठेंगू माडाचा संकर), लक्षद्वीप ऑर्डिनरी. रोपवाटिकेच्या एकाच फलकावर ही नावे ओळीने लिहिलेली असतात आणि घेणाऱ्याला वाटते की ही पाच वेगळी झाडे आहेत. वनस्पतिशास्त्रात ही सगळी एकाच जातीत येतात, कोकोस न्यूसिफेरा. त्यांच्यातला फरक मुख्यतः फुलोऱ्यात आहे. तो कळला नाही तर बियाण्याचा नारळ निवडताना हमखास चूक होते. म्हणून हा धागा.

सोयीसाठी आधीच ठरवून टाकू. इथे 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. उंच आणि ठेंगू यांना 'प्रकार' म्हणू, आणि निवडून नाव दिलेल्यांना 'वाण'.

वरून खाली यायचे तर: एकदलिकित, गण अरेकेलीस, कुळ अरेकेसी (जुने नाव पामी, नियमांनुसार तेही आजवर ग्राह्य आहे), उपकुळ अरेकॉइडी, त्यात कोकोसी हा गट, त्यात अटॅलिइनी हा उपगट, प्रजाती कोकोस. लिनियसने 1753 मध्ये कोकोस न्यूसिफेरा हे नाव दिले. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे दक्षिण अमेरिकेतले अनेक पाम याच प्रजातीत घालण्यात आले. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेकारीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बाजूला काढले आणि कोकोस प्रजातीत आपला माड एकटा उरला. बंगल्यांच्या फाटकाशी लावतात तो क्वीन पाम पूर्वी कोकोस प्लुमोसा होता, आज तो सायाग्रस रोमान्झोफियाना आहे. जुनी उद्यानपुस्तके आणि काही रोपवाटिका अजून जुनेच नाव लिहितात. 'कोकोस' वाचून नारळ लागेल या आशेने कोणी ते रोप घेऊ नये.

पर्णवृंत

चांगला विषय. कुळातली नाती ओळखायला रोपवाटिकेतही चालेल अशी एक सोपी खूण सांगतो.

पामच्या पानाची पाती मधल्या शिरेवर घडी घातलेली असते. ही घडी दोन प्रकारची. पातीच्या दोन्ही कडा खाली झुकलेल्या आणि शीर वर, म्हणजे आडवा छेद उलट्या 'व्ही'सारखा: माड, सुपारी, तेलमाड. कडा वर आणि शीर खाली, म्हणजे छेद सरळ 'व्ही'सारखा: शिंदी, खजूर, ताड, भेर्ली माड. पहिला गट अरेकॉइडी उपकुळाचा आणि दुसरा कोरिफॉइडीचा. सुरमाडाची, म्हणजे भेर्ली माडाची, पिसासारखी विभागलेली पाने पाहून तो सुपारीजवळचा वाटतो, आणि जुन्या वर्गीकरणात तो तिकडेच होता. डीएनए अभ्यासानंतर तो ताड-शिंदीच्या बाजूला गेला. पातीची घडी हे आधीपासूनच सांगत होती.

पाहताना एक काळजी घ्या. पातीच्या टोकाकडे किंवा मधोमध पाहू नका, पाती मुख्य दांड्याला चिकटते तिथेच पाहा. झावळ ताजी हवी. वाळलेली पाती गुंडाळली जाते आणि घडी उलटी भासते. झावळ पालथी धरली असेल तरीही उत्तर उलटे येते. म्हणून वरची बाजू कोणती हे आधी पक्के करा: जास्त गडद आणि चकचकीत ती वरची.

खाडीकाठ

सुपारी आणि माड एकाच उपकुळात, मग दोन्हींच्या फळात इतका फरक कसा? आणि तेलमाड माडाच्या किती जवळचा?

पर्णवृंत

सुपारी अरेकॉइडीतच आहे, पण तिचा गट वेगळा, अरेसी. माड आणि तेलमाड दोघेही कोकोसी गटातले. या गटाची खूण म्हणजे कठीण करवंटी आणि तिच्यावरचे तीन डोळे. तेलमाडाची बी सोलून पाहिलीत तर छोट्या करवंटीवर तीन डोळे सापडतात. सुपारीला अशी करवंटीच नाही. कापलेल्या सुपारीत जी तपकिरी-पांढरी नक्षी दिसते, ती बीचे आवरण आतल्या खाद्यभागात घुसल्यामुळे. नारळात तसे होत नाही, तपकिरी साल बाहेर राहते आणि खोबरे आत अखंड पांढरे.

झाड उभे असतानाही ओळखता येते. सुपारीच्या पानांचे आवरण खोडाभोवती गुळगुळीत हिरव्या नळीसारखे घट्ट बसते. माडात ते आवरण कोवळेपणीच विरते आणि मागे जाळीदार तपकिरी कापड राहते. तेलमाडाच्या देठाच्या तळाशी काटे असतात, माडाला काटा कुठेच नाही.

निळाई

दर्यायी नारळाचे काय? पूर्वी फकिरांच्या हातात कमंडलू म्हणून असायचा तो. औषधी दुकानात आजही 'समुद्रातला नारळ' म्हणून तुकडे मिळतात.

ताडमाड

निळाईताई, तो नारळ नाहीच. लोडोइसिया माल्दिविका, मूळ सेशेल्समधल्या प्रालँ आणि क्युरियूज या दोन बेटांचा. पाने पंख्यासारखी, नर आणि मादी झाडे वेगळी, उपकुळ कोरिफॉइडी. म्हणजे तो आपल्या ताडाचा भाऊबंद. जगातले सगळ्यात मोठे बी त्याचेच. नावातला 'माल्दिविका' मालदीवचा, कारण त्याची रिकामी फळे तिथल्या किनाऱ्याला लागत आणि लोकांना मूळ झाड माहीत नव्हते. ताजे फळ पाण्यात तरंगत नाही, आतून कुजून हलके झालेलेच वाहत येते, त्यामुळे किनाऱ्याला लागून उगवण्याचा प्रश्नच नाही. ही माडाच्या अगदी उलट गोष्ट. माडाचे सोडण, म्हणजे करवंटीवरचे तंतुमय आवरण, हवा धरून ठेवते, करवंटी पाणी आत जाऊ देत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात 110 दिवस तरंगल्यावरही नारळ उगवल्याची नोंद आहे.

किनाऱ्यावरचा आणखी एक गोंधळ. खोडाला दोन-दोन फांद्या फुटत गेलेला पाम गुजरातच्या किनाऱ्यावर, दीवला आणि उत्तर कोकणात काही ठिकाणी दिसतो. तो हायफिनी डायकोटोमा, रावणताड. त्याला फांद्या फुटणे हा जातीचाच गुण. माडाला फांदी फुटली तर ती विकृती समजावी, शेंड्याच्या वाढबिंदूला इजा झाल्यावर क्वचित असे होते.

आगरवाट

इथून खोडाकडे वळू. माडाच्या रोजच्या व्यवहारातल्या बऱ्याच गोष्टी खोडाच्या रचनेत आहेत.

माडाला आंब्या-फणसासारखा वाढीचा थर नसतो, त्यामुळे खोड एकदा घडले की पुढे जाड होत नाही. पहिली चार-पाच वर्षे झाड जमिनीलगत बुंधाच रुंद करत असते आणि खोड दिसत नाही. बुंधा पुरेसा रुंद झाला की मगच ते वर सरकू लागते. या वर्षांत रोप उपाशी राहिले तर खोड कायमचे बारीक राहते, नंतर कितीही खत घाला. पुढेही ज्या काळात अन्न-पाणी कमी पडले त्या काळाचा भाग निमुळता राहतो. खोडावर मधेच अरुंद पट्टा आणि वर पुन्हा रुंद खोड दिसले, तर मधला काळ दुष्काळाचा किंवा दुर्लक्षाचा होता असे समजायला हरकत नाही.

वाढीचा थर नाही म्हणून जखमही भरून येत नाही. चढण्यासाठी खोडाला पाडलेल्या खाचा झाड जिवंत असेपर्यंत तशाच राहतात, त्यांत पाणी साचते आणि सोंड्या भुंग्याला अंडी घालायला जागा मिळते. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्यासाठी शिडी किंवा चढण्याचे यंत्र वापरा, खाचा पाडू नका.

रोपवाला

शेंड्याबद्दल जोडतो. माडाचा वाढबिंदू एकच, अगदी शेंड्याच्या मध्यात, कोवळ्या पानांच्या गाभ्यात. तो मेला की झाड गेले. कोंबकुज, म्हणजे फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग, म्हणूनच एवढा घातक. पावसाळ्यात मधले न उमललेले सुईसारखे पान पिवळट पडते आणि ओढले की सहज हातात येते. बाहेरची जुनी पाने मात्र काही महिने हिरवीच राहतात, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला झाड ठीक वाटते. पावसाळ्यात नजर सुईच्या पानावर ठेवायची, जुन्या झावळांवर नाही.

गेंड्या भुंगा हीच न उमललेली पाने पोखरतो. पान उघडल्यावर त्रिकोणी कापे दिसतात, कातरीने कापल्यासारखे. ते कापे उघड्या पानावर दिसतात तेव्हा इजा कित्येक आठवडे जुनी असते. भुंगा आत आहे का ते पाहायला गाभ्याशी ताजा चोथा आहे का ते बघावे लागते.

खाडीकाठ

खोडावरच्या वळ्यांवरून वय काढता येते म्हणतात. कितपत खरे?

आगरवाट

येते, पण अंदाजे. गळलेल्या प्रत्येक पानाची एक खूण खोडावर राहते. पाणी असलेल्या बागेतला उंच माड वर्षाला 12 ते 14 पाने काढतो. खोडावरच्या सगळ्या खुणा मोजा, 12 ने भागा आणि खोड दिसण्याआधीची सुमारे पाच वर्षे मिळवा. शेंड्यावरची हिरवी पाने, साधारण 30 ते 40, यात आलेली नसतात, म्हणून त्यांची अडीच-तीन वर्षे धरायला विसरू नका. कोरडवाहू झाड वर्षाला 12 पाने काढत नाही, तिथे 12 ने भागले तर वय कमी येते. तळाच्या खुणा झिजून एकमेकींत मिसळतात, तिथे मोजणी चुकते. दोन-पाच वर्षांचा फरक धरूनच बोलावे.

प्रकार ओळखायलाही या खुणा उपयोगी पडतात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर सुरुवात करून 11 खुणांमधले अंतर मोजण्याची पद्धत वाणांच्या वर्णनात जगभर वापरतात. ठेंगू प्रकारात हे अंतर उंच प्रकारापेक्षा बरेच कमी भरते. सोबत खोडाचा घेर दोन ठिकाणी घ्यायचा, 20 सेंटिमीटरवर आणि दीड मीटरवर. उंच माडाचा बुंधा फुगीर असतो, दोन्ही घेरांत ठळक फरक येतो. ठेंगू माड तळापासून जवळजवळ सारखाच बारीक.

पर्णवृंत

आता फुलोरा. वर्गीकरणाची गुरुकिल्ली इथे आहे.

प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय, म्हणजे आवरणात बंद असलेला फुलोरा, येते. पानांची संख्या म्हणजे पोयींची कमाल संख्या, म्हणूनच हिरवी झावळ उगाच तोडू नये. पोय उघडण्याच्या सुमारे 32 महिने आधीच तिचा अंकुर शेंड्याच्या गाभ्यात तयार झालेला असतो. एका कडक उन्हाळ्याचा फटका पुढची दोन-अडीच वर्षे उत्पन्नात दिसतो तो याचमुळे. यंदा खत घातले आणि यंदाच नारळ वाढले नाहीत म्हणून निराश होणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पोय फुटली की आतून लोंब्या, म्हणजे फुलोऱ्याच्या फांद्या, बाहेर येतात. प्रत्येक लोंबीवर वरच्या भागात शेकडो नरफुले आणि तळाशी एक, दोन किंवा एकही नाही अशी गोल मादीफुले. एका पोयीत नरफुले हजारोंनी, मादीफुले उंच प्रकारात साधारण 20 ते 40. नरफुलात सहा पुंकेसर. मादीफूल तीन अंडपांचे (बी धरणाऱ्या कप्प्यांचे), त्यांतले एकच पुढे बी धरते.

उंच प्रकारात पोय उघडताच नरफुले लोंबीच्या टोकाकडून खाली फुलत जातात आणि हे सुमारे तीन आठवडे चालते. ती संपली की मग त्याच पोयीतली मादीफुले परागासाठी तयार होतात, पाच-सात दिवसांपुरती. म्हणजे स्वतःच्या पोयीचा पराग स्वतःला मिळतच नाही. वारा आणि मधमाश्या दुसऱ्या माडाचा पराग आणतात. ठेंगू प्रकारात मात्र नरफुले फुलत असतानाच मादीफुले तयार होतात, त्यामुळे बहुतेक फळे स्वपरागीकरणाची.

उंच प्रकाराला टिपिका आणि ठेंगूला नाना अशी उपनावे पूर्वीपासून आहेत. श्रीलंकेच्या वर्गीकरणात तिसरा ऑरँशियाका, म्हणजे तिथला 'किंग कोकोनट': मध्यम उंच, पण स्वपरागित. आणि फिजीचा 'निउ लेका' ठेंगू आहे, तरी परपरागित, बुंधाही जाड. ही दोन उदाहरणे पाहिली की नुसत्या उंचीवरून प्रकार ठरवणे किती कच्चे आहे ते कळते. झाड ओळखायचे तर एका पोयीवर महिनाभर नजर ठेवा. शेवटचे नरफूल गळण्याआधी मादीफुलाच्या टोकावर ओलसर मधुरस दिसला तर स्वपरागाकडे कल, नंतर दिसला तर परपराग.

एक सावधगिरी. उन्हाळ्यात पोयी लवकर लवकर फुटतात, तेव्हा उंच माडातही मागच्या पोयीची मादीफुले आणि पुढच्या पोयीची नरफुले एकाच वेळी सापडतात. तिथे एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला मिळतो. त्यामुळे एका उन्हाळी पोयीवरून निष्कर्ष काढू नका, पावसानंतरची पोयही पाहा.

निळाई

म्हणजे आमच्या वाडीत दीडशे नारळ देणारा बाणवली असेल आणि त्याचाच नारळ रुजवला, तरी रोप तसे निघेल याची खात्री नाही?

पर्णवृंत

नाही. आई माहीत, बाप अज्ञात. शेजारच्या कमकुवत माडाचा पराग आला असेल तर अर्धे गुण तिथून येणार. माडाला फुटवे येत नाहीत, कलम होत नाही, ऊतीसंवर्धन अजून सर्वांच्या हाताशी आलेले नाही. उंच माडाची लागवड म्हणूनच बीवर आणि बीच्या निवडीवर अवलंबून. ठेंगू मात्र स्वपरागित असल्याने आईसारखाच निघण्याची शक्यता बरीच जास्त.

रोपवाला

निवड कशी करायची ते लिहितो.

मातृवृक्ष 20 वर्षांवरचा, स्थिर उत्पन्न असलेला, वर्षाला 80 च्या वर नारळ देणारा, शेंड्यावर 30 हून अधिक पाने, देठ आखूड आणि मजबूत, घड पानाच्या देठावर टेकलेले. विहिरीच्या, गोठ्याच्या किंवा सांडपाण्याच्या कडेचे झाड घेऊ नका, त्याचे उत्पन्न जागेचे असते, रक्ताचे नसते. शक्य तर ज्या बागेत सगळेच माड चांगले आहेत त्या बागेच्या मध्यातले झाड निवडा, कारण आजूबाजूचे बापही चांगले मिळतात. निवडीचा हा अर्धा भाग बहुतेक जण विसरतात.

फळ पूर्ण 12 महिन्यांचे, हलवले की पाण्याचा आवाज येणारे. उंच प्रकाराचे नारळ सावलीत महिना-दोन महिने ठेवता येतात. ठेंगूचे सोडण पातळ आणि उगवण लवकर, ते 10 ते 15 दिवसांत पेरावेत, नाहीतर आतले पाणी आटून जाते. गादीवाफ्यात 40 बाय 30 सेंटिमीटर अंतर. आडवा लावला तर मूळ आणि कोंब दोन्हींना सोपे, पण रोप उचलताना नारळ आणि कोंबाचा सांधा हलतो. उभा लावला तर वाहतूक सोपी, मात्र आतले पाणी कमी असेल तर कोंब कोरडा राहण्याचा धोका.

पाच महिन्यांत न उगवलेले नारळ काढून टाका. उशिरा उगवणारी रोपे उशिराच फळावर येतात, म्हणून दया दाखवू नका. वर्षाच्या रोपाला सहा-आठ पाने आणि बुंध्याचा घेर 10 ते 12 सेंटिमीटर हवा. पाने लवकर पिसासारखी फाटणे हे जोमदार रोपाचे लक्षण.

काथ्यासूत

टी बाय डी आणि डी बाय टी यांत नेमका फरक काय? काही ठिकाणी दोन्ही एकच म्हणून विकतात.

रोपवाला

पहिले अक्षर आईचे. टी बाय डी म्हणजे आई उंच, बाप ठेंगू. डी बाय टी म्हणजे आई ठेंगू, बाप उंच. वेस्ट कोस्ट टॉल ही आई आणि चौघाट ऑरेंज ड्वार्फ हा बाप, तो केरासंकरा. उलट केले तो चंद्रसंकरा. लक्षद्वीप टॉल आई आणि चौघाट ऑरेंज बाप, तो चंद्रलक्षा. उंच आणि ठेंगूचा संकर जोमदार निघतो हे 1930 च्या दशकात केरळातल्या नीलेश्वर केंद्रावर जे. एस. पटेल यांनी दाखवले, ती जगातली या बाबतची पहिली नोंद.

संकर करताना आई ठेंगू असणे कामाला सोयीचे. पोय फुटताच, त्याच दिवशी, सगळ्या लोंब्यांवरची नरफुले काढून टाकायची, लोंब्यांची टोके छाटायची. ठेंगूत एक-दोन दिवस उशीर झाला तर स्वपराग होऊन जातो. मग पिशवी बांधायची. निवडलेल्या उंच माडाची नरफुले सुमारे 40 अंशांवर वाळवून पराग चाळायचा, शंखजिऱ्यात मिसळून ठेवायचा. मादीफुलाचे टोक तीन पाकळ्यांत उघडून पांढरे आणि ओले दिसले की पराग रोज सकाळी फवारायचा, सगळी फुले तपकिरी होईपर्यंत. पोयीतली मादीफुले एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून एकदाच फवारून काम संपत नाही.

आणि ओळख. आई चौघाट ऑरेंज असेल तर खरे संकरित रोप देठाला तपकिरी-हिरवट असते, कारण हिरवा रंग केशरीवर मात करतो. देठ केशरी म्हणजे स्वपरागाचे रोप, ते बाजूला काढा. दोन-तीन पाने आली की फरक स्पष्ट दिसतो. सकाळच्या उजेडात निवड करा, सावलीच्या जाळीखाली हिरवटपणा जास्त वाटतो. आई हिरवी ठेंगू असेल, उदाहरणार्थ गंगाबोंडम, तर ही खूण चालत नाही, स्वपरागाचे रोपही हिरवेच. तिथे रोप कुठून आले यावरच विश्वास ठेवावा लागतो.

आणखी एक इशारा. संकरित माडाचा नारळ पुढे बियाण्याला वापरू नका. पुढच्या पिढीत गुण विखुरतात, काही उंच, काही ठेंगू, काही निकस. 'संकरितापासून घरी केलेली रोपे' स्वस्त असतात ती याचमुळे.

ताडमाड

बाणवली-प्रतापबद्दल थोडे. बाणवली म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा उंच प्रकार. त्यातल्या हिरव्या गोल फळाच्या झाडांतून भाट्ये, रत्नागिरीच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने प्रताप हा वाण निवडला. फळ मध्यम-लहान, गोल, संख्या जास्त. खोबऱ्यासाठी मोठे फळ हवे असणाऱ्याने संख्येवर जाऊ नये, एका नारळाचे खोबरे मोजावे. 'सिंगापुरी' या नावाखाली बाजारात केशरी ठेंगूही येतो आणि पिवळाही. नावावर विसंबू नका, देठाचा आणि कोवळ्या फळाचा रंग पाहा.

गुहागरकडचा मोहाचा नारळ हाही कोकोस न्यूसिफेराच. त्याचे खोबरे जास्त गोड आणि मऊ, आणि संशोधकांनी त्याची रीतसर नोंद केली आहे. असे गुण एखाद्या जनुकातल्या बदलाने येतात, त्यासाठी वेगळी जाती मानायची गरज नाही. फिलिपाईन्सचा माकापुनो याचे टोकाचे उदाहरण: खोबरे जेलीसारखे होते आणि तो नारळ स्वतः रुजत नाही, भ्रूण काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो.

खाडीकाठ

माड मूळचा कुठला, हा वाद संपला का?

पर्णवृंत

मोठा भाग सुटला आहे. 2011 मध्ये जगभरातल्या 1322 माडांचा डीएनए अभ्यास झाला आणि दोन स्पष्ट गट निघाले, एक प्रशांत महासागराचा, दुसरा हिंदी-अटलांटिक महासागरांचा. लागवडही म्हणूनच दोन ठिकाणी सुरू झाली असे मानतात, एक आग्नेय आशियाच्या बेटांवर आणि एक भारताच्या दक्षिण टोकाकडे, श्रीलंका-मालदीव-लक्षद्वीप या पट्ट्यात. आपला वेस्ट कोस्ट टॉल हिंदी-अटलांटिक गटातला. ठेंगू आणि स्वपरागित माड मात्र प्रशांत गटाचे. त्यामुळे टी बाय डी संकरात दोन दूरचे गट एकत्र येतात, आणि जोम दिसण्यामागचे एक कारण हे असावे असे मला वाटते. मादागास्कर आणि कोमोरोसमध्ये दोन्ही गटांची सरमिसळ आढळते, आग्नेय आशियातल्या दर्यावर्दींनी नारळ तिकडे नेल्याची ती खूण.

त्याआधी 1978 मध्ये नारळाचे संशोधक हॅरीस यांनी फळावरून दोन प्रकार मांडले होते. 'निउ काफा': लांबट, कोनदार, जाड सोडण, उशिरा उगवणारा, म्हणजे स्वतः समुद्रात वाहून जाणारा. 'निउ वाय': गोल, सोडण कमी, पाणी जास्त, लवकर उगवणारा, म्हणजे माणसाने निवडलेला. लक्षद्वीपचे लांबट नारळ आणि बाजारातले गोल शहाळे शेजारी ठेवले की फरक हाताला कळतो.

मध्य भारतात दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात पाम-जीवाश्म भरपूर आहेत आणि काहींना कोकोस हे नाव दिले गेले. त्यावरून माड भारतातच जन्मला असे म्हणू नये. माडाचे जिवंत जवळचे नातलग, सायाग्रस, अटॅलिया, ब्युटिया, हे दक्षिण अमेरिकेतले, आणि त्याच उपगटातले काही मादागास्कर व दक्षिण आफ्रिकेत. पलीकडे मादागास्करच्या वोआनिओला या पामला सुमारे 600 गुणसूत्रे आहेत आणि माडाला फक्त 32. एकाच उपगटात एवढी तफावत असताना दगडातल्या फळाच्या आकारावर मी फार भार टाकणार नाही.

काथ्यासूत

फळाबद्दल राहिलेच. तीन डोळ्यांपैकी एकालाच भोक का पडते?

आगरवाट

तीन डोळे तीन अंडपांचे. दोन अंडपे वाढत नाहीत, त्यांचे डोळे आतून बंद होतात. तिसऱ्याच्या खाली भ्रूण, तिथे पातळ पडदा. कोंब तिथूनच येतो.

फळधारणेनंतर आत आधी फक्त पाणी. सुमारे सहाव्या महिन्यापासून देठाच्या विरुद्ध टोकाला साय धरते आणि ती हळूहळू डोळ्यांकडे पसरते. त्यामुळे शहाळे कापताना तळाशी मलई आणि देठाकडे नुसते पाणी असे दिसले तर ते सहा-सात महिन्यांचे. पाणी सातव्या-आठव्या महिन्यात सर्वाधिक आणि गोडीही तेव्हाच चांगली. त्यानंतर खोबरे वाढते आणि पाणी घटते. अकरा-बारा महिन्यांत नारळ तयार. रुजताना बीजदलाचा भाग आत गोड गोळा होऊन पोकळी भरतो आणि खोबरे पचवून कोंबाला देतो.

मादीफुलांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या दोन-तीन महिन्यांत गळणे हे नेहमीचेच. त्याहून जास्त गळत असेल किंवा नारळ आतून रिकामे निघत असतील तर परागीकरण, पाणी आणि बोरॉन या तीन गोष्टी तपासा. एरिओफाईड कोळी, जो भारतात 1998 च्या सुमारास केरळात पहिल्यांदा आढळला, लहान फळाच्या टोपीखाली शिरतो. टोपीच्या कडेपासून खाली उतरणारा पांढरट, मग तपकिरी त्रिकोण ही त्याची खूण. टोपी घट्ट असलेली झाडे त्याला कमी बळी पडतात, चौघाट ऑरेंजमध्ये त्रास कमी दिसतो.

निळाई

मीठ घालण्याची पद्धत शास्त्राला धरून आहे का?

पर्णवृंत

आहे, मर्यादेत. माडाला क्लोरीन बऱ्यापैकी लागते, पानांची छिद्रे उघडझाप करण्यात त्याचा वाटा आहे. समुद्राजवळच्या बागेला ते वाऱ्यातून आणि पाण्यातून मिळतेच. आतल्या भागात म्युरेट ऑफ पोटॅश दिले तर पालाशही मिळते आणि क्लोराईडही, वेगळे मीठ लागत नाही. निचरा नसलेल्या चिकण मातीत मीठ घातले तर सोडियम साचून माती आवळते. माड खारफुटी नाही. भरतीचे पाणी येऊन ओसरले तर तो तगतो, साचून राहिले तर मुळे कुजतात.

मुळांबाबत: सोटमूळ नाही, मूलरोम नाहीत, बुंध्यातून हजारो सारख्या जाडीची मुळे निघतात आणि बहुतेक दोन मीटरच्या आत राहतात. त्यामुळे खत बुंध्याला चिकटून नको, 1.8 मीटर त्रिज्येच्या आळ्यात पसरून मातीत मिसळा.

काथ्यासूत

वाडीतल्या एका झाडाची पाने डावीकडे वळत चढतात, शेजारच्याची उजवीकडे. हाही वेगळा वाण का?

पर्णवृंत

नाही. पानांचा फेर डावा की उजवा, हे वाणावर ठरत नाही. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये टी. ए. डेव्हिस यांनी यावर बरेच काम केले आणि हा गुण आईकडून पुढे जात नाही असे आढळले. डाव्या फेराच्या झाडाचे नारळ लावले तरी निम्मी रोपे उजव्या फेराची निघतात. वाणाच्या नोंदीत ते लिहायचे असेल तर लिहा, निवडीसाठी वापरू नका.